ताटावरून उठताना

"ताटावर बसलीस की बोलायचं नाही. अन् बोलावंच लागलं, तर बोल. पण मग ताटावरून ऊठ. दोन्ही एकदम व्हायचं नाही."

रंभाबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या आणि निर्मला पायथ्याशी बसून सासूचे पाय चेपत होती. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही मुक्यानं, हे व्रत रंभाबाईंनी चाळीस वर्षं चालवलं होतं. जाताना ते त्यांनी धाकट्या सुनेच्या ओटीत घातलं. थोरली सून लीला तेव्हा दारात उभी होती. आपण सुटलो बाई, असं त्या घटकेला वाटलं होतं, हे तिनं पुढं हसत कबूलही केलं.

त्याला अकरा वर्षं झाली. बुऱ्हाणपूरच्या शनवारा वेशीमागच्या गल्लीतलं ते दुमजली घर तेच राहिलं. वर थोरले दीर सुधाकर आणि लीला, खाली निर्मला आणि तिची मुलगी तेजस्विनी. निर्मलेचा नवरा जीवन तीन वर्षांपूर्वी गेला. इच्छापूर रोडवर त्याचं टायरचं दुकान होतं.

सुधाकरभाऊजींना व्रताचा अर्धाच भाग ठाऊक होता. निर्मला जेवताना बोलत नाही, एवढाच. त्यामुळे घरातलं काही ठरवायचं झालं, की ते बरोबर साडेबाराला खाली उतरायचे. टायरच्या दुकानाचं शटर कायमचं ओढायचं ठरलं ते असंच. परसातला लिंब तोडायचा ठरला तोही असाच. ते बोलायचे, निर्मला घास चावायची आणि शेवटी ते म्हणायचे, चला, निर्मलाला मान्य आहे. यात कपट होतं असं म्हणता यायचं नाही. पहिल्यांदा योगायोगानं झालं असेल, मग सोयीचं पडलं, मग सवय झाली. सवय निर्मलेलाही झाली. उठायची मुभा आहे हे तिला पक्कं माहीत होतं. अकरा वर्षांत दर वेळी तिनं घास निवडला होता.

आता या गुरुवारचं सांगायचं तर आधी तेजूच्या गाडीचं सांगायला हवं.

जीवन असताना दर पंधरा दिवसांनी रविवारी बाप-लेक इंदूरला जायचे. तिथं बुटक्या गाड्यांचा एक लहानसा ट्रॅक होता. पोरगी नऊ वर्षांची असल्यापासून त्यावर फिरायची आणि बाप कडेला पत्र्याची पाटी धरून उभा राहायचा. तो गेल्यावर गाडी सुटेल असं सगळ्यांनी धरलं होतं. सुटली नाही. गेल्या वर्षी 'सातपुडा ज्युनिअर' नावाची शर्यतींची मालिका निघाली, पंधरा ते अठरा वयाच्या पोरांना तयार करण्यासाठी. नव्वद पोरांची चाचणी झाली, बारा निवडले, त्यात तेजू. बाराही गाड्या एकसारख्या. उघड्या चाकांच्या, एकाच माणसाच्या, डोक्यावर छप्पर नसलेल्या. यंत्र सगळ्यांना सारखंच, म्हणजे जो पुढं जाईल तो आपल्या हातापायांनी जाईल. सहा शर्यती, सगळ्या धुळ्याच्या पुढच्या माळावर बांधलेल्या ट्रॅकवर.

पहिल्या शर्यतीत तेजू तिसरी आली. दुसरीत वळणावर मागच्या गाडीचं चाक तिच्या चाकावर चढलं आणि तिची गाडी दोनदा उलटली. पोरगी आपल्या पायांनी बाहेर आली. खांदा काळानिळा पडला, बाकी ओरखडासुद्धा नाही. पण त्याचा व्हिडिओ समाजाच्या ग्रुपवर फिरला. कुणी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली, कुणी लिहिलं की पोरीला स्कूटी घेऊन द्या, भाजी आणण्यापुरती. निर्मलेनं तो व्हिडिओ देवघरात बसून सतरा वेळा पाहिला. शेवट माहीत असूनही, त्या उलट्या गाडीतून तेजूचा हात बाहेर येईपर्यंत सतराही वेळा तिचा श्वास अडकला.

तोवर फॉर्मवर सुधाकरभाऊजी सही करत आले होते. घरातला मोठा माणूस म्हणून कुणी काही विचारलं नव्हतं. अपघातानंतर मालिकावाल्यांनी कागद नीट तपासले. मुलगी अठराच्या आत, वडील नाहीत, तेव्हा सही आईचीच लागेल आणि शर्यतीला आई स्वतः हजर लागेल. तिसरी शर्यत शनिवारी. होकार गुरुवारी दोनच्या आत कळवायचा, नाही तर तेजूची जागा तेराव्या पोराला.

कोरा फॉर्म सकाळपासून देवघरात हळदीकुंकवाच्या करंड्याखाली होता. निर्मलेचं ठरलं होतं असं नाही. पूजा करताना ती तापीमाईला विचारत होती, आणि तापीमाई नेहमीप्रमाणे काही सांगत नव्हती. जेवून बघू, असं ती स्वतःशी म्हणाली आणि पाटावर बसली. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कच्च्या केळीची भाजी, थोडं ताक. कालच्या दुपारनंतर पोटात अन्न नव्हतं. तिसरा घास तोंडात असताना जिन्यावर चपला वाजल्या.

सुधाकरभाऊजींच्या हातात फोन होता आणि फोन चालू होता. पलीकडं मालिकेचं काम बघणाऱ्या मृणालमॅडम होत्या, पुण्याच्या. भाऊजी त्यांना सांगत होते की घरात विचार झाला आहे, मुलीची आई नको म्हणते, आमच्याकडून हे बंद समजा. तेजू मागच्या दारात येऊन उभी राहिली. ती ना काकांकडं बघत होती, ना आईकडं. ती ताटाकडं बघत होती.

मृणालमॅडम म्हणाल्या की हे त्यांना आईच्या तोंडून ऐकावं लागेल. भाऊजींनी फोनचा आवाज मोठा केला आणि तो ताटासमोर धरला.

"निर्मलाताई, तुमची हरकत आहे का?"

पंखा फिरत होता. गल्लीतल्या पॉवरलूमची खटखट चालू होती.

"तिचं व्रत आहे मॅडम, जेवताना बोलत नाही ती," भाऊजी म्हणाले. "न बोलणं हेच उत्तर समजून घ्या."

निर्मलेनं घास चावला. सावकाश, नेहमीसारखा. गिळला. तळहातावर पाणी घेऊन प्याली, ताट हातानं पुढं सरकवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली.

"मॅडम, माझी हरकत नाही," ती म्हणाली. "सही मी करते. शनिवारी मीच येते."

तिचा आवाज मुळात लहान. पण त्या वेळेला तो त्या खोलीत अकरा वर्षांत कुणी ऐकलेला नव्हता, म्हणून मोठा वाटला. मृणालमॅडमनी बरं म्हटलं, फॉर्मचा फोटो पाठवायला सांगितला आणि फोन बंद झाला. भाऊजी फोनकडं बघत राहिले.

"अगं, तुझं व्रत..."

"मोडलं नाही भाऊजी. ताटावरून उठले ना मी. सासूबाईंनी तसंच सांगितलं होतं."

ते पाटाशेजारच्या खुर्चीत बसले. रागावले असते तर निर्मलेला सोपं गेलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मी एक भाऊ खांद्यावर नेला, निर्मला. पुन्हा माझ्यानं व्हायचं नाही."

"भीती मलाही वाटते," ती म्हणाली. "तुमच्याहून कमी नाही. पण माझी भीती मी सांगेन. माझ्या तोंडचं तुम्ही बोलू नका."

ते खुर्चीतून उठले. मग म्हणाले की जायचं तर जा, पण मी सोडायलाही येणार नाही अन् आणायलाही येणार नाही. आणि वर गेले. जिन्यावरच्या चपलांचा आवाज या वेळी हळू होता.

निर्मलेनं करंड्याखालचा फॉर्म काढला, चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि मग सही केली. तेजूनं फोटो काढून पाठवला. उरलेली भाकरी गायीच्या वाट्याला गेली.

"आई, म्हणजे आता उद्या दुपारपर्यंत काहीच नाही?"

"पाणी आहे ना."

"यार आई, दोनपर्यंत टाइम होता. जेवून घेतलं असतं, मग फोन केला असता."

"तोवर तुझे काका माझ्या वतीनं बोलून मोकळे झाले असते," निर्मला म्हणाली. "अन् मीही जेवून झोपले असते. मला माहीत आहे मी."

तेजू हसली. मग नखानं दाराची चौकट कुरतडत म्हणाली की एक विचारायचं आहे. त्या मालिकेत गाडीत बोलायला यंत्र नसतं. दर लॅपला भिंतीपाशी पाटी दाखवतात, तू कितवी आहेस, किती लॅप उरले. ज्याचं त्याचं घरचं माणूस धरतं. मागच्या दोन्ही वेळा काका तंबूत बसून राहिले आणि पाटी कुणीतरी मेकॅनिकनं धरली.

"पप्पा धरायचे तशी. तू धरशील?"

"धरीन," निर्मला म्हणाली.

माळ्यावरून जीवनची पाटी निघाली. दुकानाच्या जुन्या पत्र्याची होती. मागच्या बाजूला अजून 'हवा मोफत' असं लिहिलेलं. पुढं आकडे अडकवायला त्यानं खिळे वाकवून लावले होते, आणि पत्र्याचे इंग्रजी आकडे एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते.

ऊन कललं तशी निर्मला पाटी घेऊन गल्लीत भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तेजू सायकल घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायची आणि जोरात परत यायची. तेवढ्यात निर्मलेनं आकडे बदलून पाटी डोक्यावर धरायची. पहिल्या खेपेला आकडा हातातून निसटला. दुसऱ्या खेपेला पाटी उलटी, गल्लीला 'हवा मोफत' दिसलं. पोटात तीनच घास होते. दहाव्या खेपेला तेजू ब्रेक दाबून थांबली आणि म्हणाली, "आई, मी सहावी आहे. नववी नाही."

लूमवरून सुटी होऊन परतणारा उखर्डू तिथं सायकल टेकवून उभा होता. त्याला गल्लीतलं काहीही चुकवायचं नसे. त्यानं विचारलं, "काय वहिनी, निवडणुकीला उभ्या राहू राहिल्या का?"

"उभी तर राहू राहिले, उखर्डूभाऊ. भिंतीपाशी."

"पोरगी उलटली होती ना तुमची त्या गाडीत? ग्रुपवर पाहिलं म्या."

"उलटली होती," निर्मला म्हणाली आणि आकडा बदलला. "मग बाहेरही आली ती. ते नाही पाहिलं का? शेवटपर्यंत पाहावं."

ओट्यावरच्या बाया हसल्या. वरच्या खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. निर्मलेनं तिकडं पाहिलं, पण पाटी खाली घेतली नाही. अजून दहा खेपा, असं तिनं तेजूला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी सहाच्या बसनं निघायचं होतं. निर्मलेनं देवाला दिवा लावला, जपाची माळ ओढली, आणि पदराला हात पुसतेय तोच लीला खाली आली. तिच्या एका हातात दशम्यांचा डबा होता आणि दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी.

"तिथं माळावर काय ताट असणार आहे? सासूबाईंचं हे लहान ताट घेऊन जा," ती म्हणाली. "अन् साडेबाराला तिथं कोणी जिना उतरून येणार नाही. निवांत जेव."

निर्मलेनं वर पाहिलं. लीला म्हणाली की भाऊजी जागे आहेत, झोपलेत असं दाखवताहेत, आणि डोळ्यांनीच जा म्हणाली. निर्मलेनं जिन्याच्या पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार केला. मोठ्या दिराला करतात तसा. हाक मात्र मारली नाही.

तेजू हेल्मेटची पिशवी घेऊन ओट्यावर उभी होती. निर्मलेनं ताट आणि डबा पिशवीत ठेवला, आकड्यांचा बिस्किटाचा डबा काढला, त्यातला एकच आकडा निवडला आणि देवघरात परत गेली. बाहेर आली तेव्हा सहाच्या आकड्याच्या पोटाखाली कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं, खालची बाजू कळावी म्हणून.

"तिसरीचा आकडा पण घेतलास ना?" तेजूनं विचारलं.

"सगळे घेतलेत. पहिलीचाही."

पत्र्याची पाटी जुन्या लुगड्यात गुंडाळून तिनं काखेत घेतली, पदर डोक्यावरून नीट केला आणि तेजूच्या पुढं होऊन गल्ली उतरू लागली.