साहेबरावांचं रक्त

लॅबमधलं रक्त फिरवायचं यंत्र थांबलं. सरितानं झाकण उघडून रक्ताची नळी वर काढली आणि डोळ्यांसमोर धरली. लाल रक्त खाली बसलं होतं, ते ठीक. पण वर पिवळसर, नितळ पाणी दिसायला हवं, तिथं दुधासारखं पांढरंफट्ट काहीतरी होतं. नळीवरचं नाव तिच्याच अक्षरातलं होतं. साहेबराव. तिचा नवरा.

बावीस वर्षं लोकांची रक्तं तपासलेल्या बाईला असली दुधाळ नळी काही नवी नव्हती. पण ती परक्याची असायची. साहेबरावांचा चिकलठाण्याच्या कारखान्यातला रिपोर्ट दर वर्षी कसा टकाटक यायचा. साखर बरोबर, चरबी बरोबर. आमचे हे जिलबी खाऊनही ठणठणीत, असं ती चारचौघींत मिरवायची. टाचेची जखम महिनाभर भरेना, म्हणून आज तिनंच त्यांना उपाशीपोटी लॅबमध्ये ओढत आणलं होतं.

साखर निघाली तीनशे ऐंशी. तिनं पुन्हा लावली. तीनशे ब्याऐंशी.

ती बाहेर बाकड्यापाशी आली. "खरं सांगा, कारखान्यात तुमच्या नावानं रक्त कोण देतं?"

साहेबराव पंख्याकडं बघत म्हणाले, "प्रणय. माझ्याच शिफ्टचा हाय."

"किती वर्षं?"

"पाच. तवा साखर निघाली व्हती. क्रेन चालवायचं काम काढून वॉचमन केलं असतं मला. गेटवर काठी घेऊन बसू का आता? समदेच करत्यात, सरिता."

पाच वर्षं ती प्रणयचा रिपोर्ट देवासारखा जपत होती. या माणसाच्या एक कानाखाली वाजवावी, असं तिला वाटलं.

आत लॅबच्या डॉक्टर मनस्विनी मॅडमनी नळी उजेडात धरली. "साखरेपाठोपाठ चरबी वाढते, सरिता. आणि नुसती वाढत नाही, रक्तातच गंजते म्हण. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खाते. मग वाहिनी ताठते, बुजत जाते, आणि पायापर्यंत रक्त पोचत नाही. आधी त्यांच्या पायाची नाडी बघ. आजच्या आज दवाखान्यात न्यायचं आहे. पाय वाचला पाहिजे."

सरिता बाहेर येऊन फरशीवर बसली. त्यांचा मोजा काढला. साहेबरावांनी शरमेनं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं होतं.

"पायाची नाडी बघते," ती म्हणाली.

पावलावर तिनं दोन बोटं दाबली. काही लागेना. घोट्यामागं दाबली, तिथंही नाही. पुन्हा पावलावर आणखी जोरात दाबली. आपल्याच बोटांची धडधड तेवढी तिला जाणवत होती.

"बघ की मग," साहेबराव डोळे न उघडता म्हणाले. "कवाधरनं बसलोय. लाव ना हात."

पायावर दाबून धरलेली बोटं सरितानं तशीच राहू दिली.