घाटावरचा म्हातारा

दिगंबरशास्त्रींनी अकराव्या पानाच्या समासात पेन्सिलीने उभी रेघ ओढली आणि कागद सृष्टीकडे वळवला.

"इथपर्यंत गाडी नीट चालली आहे. इथे मात्र घसरली."

वाचनालयाच्या त्या खोलीत दर शनिवारी दुपारी ते नवोदितांचे लेखन तपासून देत. सकाळी गोदाघाटावर दशक्रियेचे पौरोहित्य आणि दुपारी अध्यापन, हा त्यांचा चाळीस वर्षांचा क्रम होता. सृष्टी आज प्रथमच आली होती. सातपूरच्या एका कारखान्यात ती सुटे भाग तपासण्याचे काम करी; नखांच्या कडांना तेलाचा काळेपणा राहिला होता.

तिने फॅन फिक्शन लिहिले होते. एका संपलेल्या मालिकेतील इरावती आणि निनाद ही जोडी तिने घेतली होती. मालिकेने निनादला अपघातात मारून दोन भागांत गाशा गुंडाळला. सृष्टीने त्यापुढची इरावती लिहिली. घरी लग्नाचे बोलणे होण्याआधीच तो गेला, म्हणून ती त्याची कोणीच नव्हती. दहाव्या दिवशी ती तिलांजली द्यायला घाटावर पुढे येते. क्रिया चालवणारा म्हातारा तिला गोत्र विचारतो. तिला सांगता येत नाही आणि तो तिला मागे पाठवतो.

"शोक चांगला उतरलाय," शास्त्री म्हणाले. "त्याचा जेवणाचा डबा मांडीवर घेऊन ती बसस्टॉपवर बसते, तिथे तू एकही अश्रू दाखवला नाहीस. ते फार बरं केलंस. निनादचं पत्र मात्र काढून टाक. मेलेल्यानं एवढं बोलू नये."

"माझी मैत्रीण म्हणते, तेवढंच काय ते वाचण्यासारखं आहे."

"मैत्रिणीला मालिकाच बघू दे." ते किंचित हसले. "पण हा म्हातारा खोटा आहे, बाळ. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात, हे कुठल्याही भिक्षुकाला ठाऊक असतं. आणि स्नेह्यासाठीही पाणी देता येतं. शास्त्राची आडकाठी नाही. मग हा तिला मागे का पाठवतो? केवळ वाचकाला रडवायला?"

सृष्टीने ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळले.

"बाकी सगळे मालिकेतले आहेत, गुरुजी. हा एकच माझा आहे."

पंख्याच्या वाऱ्याने पान उलटू लागले. शास्त्रींनी ते तळव्याखाली दाबून धरले.

"कुठे पाहिलास?"

"रामकुंडावर. गेल्या माघात. माझा जो गेला, त्याचं नाव कुंदन, निफाडचा. मलाही तो म्हातारा खोटाच वाटतो. किती वेळा लिहून पाहिलं, पण त्याचं कारण सापडत नाही. म्हणून तुमच्याकडे आले."

निफाडकडची मंडळी वर्षानुवर्षे शास्त्रींकडेच येत. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले, पण तो आठवेना. आठवली ती ओल्या पायरीवरची दोन अनवाणी पावले. एक पायरी पुढे आलेली, मग मागे गेलेली.

"अजूनही देता येईल," ते म्हणाले. "उद्या सकाळी ये. मी स्वतः बसेन."

"नको, गुरुजी. तेव्हा द्यायचं होतं." तिचा स्वर चढला नाही. "आता फक्त तो असं का म्हणाला, ते सांगा."

शास्त्रींनी चष्मा काढून पंच्याने पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"त्या सकाळी ओळीनं सहा घरं बसली होती. सातवं वरच्या पायऱ्यांवर ताटकळत होतं. म्हाताऱ्याला ऊन लागत होतं. कोणीतरी पुढे आलं, त्यानं सवयीनं गोत्र विचारलं, मान वर केली नाही. उत्तर आलं नाही, तेव्हा काश्यप म्हणायचं त्याला सुचलंही नसेल असं नाही, सुचलं होतं. पण त्यानं..."

सृष्टीने अकरावे पान उलटे करून कोऱ्या बाजूवर लिहायला घेतले होते.

"जरा हळू, गुरुजी," ती म्हणाली. "'मान वर केली नाही', इथपर्यंत झालंय."