खूण बदलली तेव्हा

मित्रांनो, मी स्नेहलताताई नावाच्या एका बाईंच्या अंगातली जुनी टी-पेशी आहे, म्हणजे रोगाशी लढणारी एक पांढरी रक्तपेशी. सुईच्या टोकावर माझ्यासारख्या कित्येक मावतील. ताई बडोद्याला, हरणीतल्या एका सोसायटीत एकट्या राहतात.

माझा जन्म ताई फ्रॉक घालून रावपुऱ्यातल्या शाळेत जायच्या तेव्हाचा. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, ती आमची शाळा. आम्हा प्रत्येकीला शत्रूची एकच खूण ओळखता येते. माझी कोणती, ते मला कुणी सांगितलं नाही. मी नुसती रक्तातून फिरत राहिले. ताईंचं लग्न झालं, त्या भूगोल शिकवू लागल्या, निवृत्तही झाल्या. अधूनमधून मी विभागायची आणि पुन्हा मीच व्हायची. सर्दी आली, टायफॉइड आला. दरवेळी दुसऱ्याच कुणाला बोलावणं गेलं.

करोनाच्या पहिल्या वर्षी माझी खूण अखेर भेटली. एका पेशीने त्या विषाणूचा तुकडा माझ्यापुढे धरला आणि मला कळलं, हाच तो! बघता बघता माझ्या असंख्य बहिणी झाल्या. विषाणू शिरलेली पेशी त्याचा तुकडा आपल्या अंगावर, जणू खिडकीत, मांडते. तो दिसला की आम्ही त्या पेशीला संपवायचो. ताई बऱ्या झाल्या. त्यांचे यजमान अविनाशराव मात्र दवाखान्यातून परत आले नाहीत. ताई घरी आल्या तेव्हा दार उघडायला कुणी नव्हतं. काम संपल्यावर माझ्या बहिणीही गेल्या. आमच्यात तसंच असतं. आठवण जपायला थोड्याच उरतात. त्यांतली मी एक.

पुढे ताईंनी लस घेतली. तिसऱ्या लाटेत तरीही त्यांना ताप भरला. शेजारच्या कांचनबेननी दाराबाहेरून विचारलं, "ताई, मजामा ने?"

"हो हो, मजेत," ताई खोकला दाबत म्हणाल्या. मग स्वतःशीच पुटपुटल्या, "एकदा होऊन गेलाय, लसही झालीय. उगाच कुणाला कशाला त्रास?"

मित्रांनो, विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो आणि एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते. या खेपेला त्याच्या अंगावरच्या काट्यांची ठेवण बदलली होती. विषाणूला चिकटून त्याला अडवणारी प्रतिपिंडं धावून गेली, पण बहुतेकांची पकड बसेना. विषाणू पेशींच्या खिडक्याही बंद करत सुटला होता. मी फुफ्फुसात पोचले, तेव्हा कशीबशी एक उघडी खिडकी सापडली. मी तिथला तुकडा चाचपला. त्यातला एकच कण बदलला होता, पण मला त्याची ओळख पटेना. मी पुढे निघून गेले आणि ती पेशी मागे नवे विषाणू ओतत राहिली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, तो समोर असून मला दिसला नाही.

ताईंना धाप लागू लागली. दुसऱ्या दिवशी कांचनबेन दारावर थापा मारू लागल्या. "ताई, बारणं उघडा ने! तुमचा खोकला मला भिंतीतून ऐकू येते."

ताईंनी भिंतीला धरत कडी काढली. "कोणाला सांगणार होते, कांचनबेन? यांच्या माघारी कोण आहे मला?"

"एटले, म्हणजे काय? मी मरून गेली होती काय?" कांचनबेन रागावल्या आणि डोळे पुसत त्यांनी रिक्षा बोलावली.

दवाखान्यात ताईंना प्राणवायू लावला. श्वासाला आधार मिळाला आणि आतल्या लढाईला वेळ मिळाला. दुसऱ्या काही टी-पेशींना विषाणूचे असे तुकडे ठाऊक होते, जे त्याला बदलता आले नव्हते. त्यांनी आजारी पेशी हुडकून काढल्या. ताई घरी आल्या, ते कांचनबेनच्या हाताला धरून.

आता नवी खूण ओळखणाऱ्या तरुण पेशी आल्या आहेत. मी हाडातल्या मज्जेत पडून असते. माझी जुनी खूण पुन्हा येईल असं वाटत नाही.

मित्रांनो, शरीराला आठवण असते, पण शत्रू रूप बदलतो. म्हणून लस वेळच्या वेळी घ्या आणि आजारपण लपवू नका. साधं पडसं झालं तरी ताई हल्ली फोन उचलून कांचनबेनना सांगतात. मला तसं कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला येतं. तेवढं करा.