बदली तासांची वही

शाळेच्या दप्तरी तिची नोंद 'प्रयोगशाळा सहायक' अशी होती आणि सगळे तिला लॅबताई म्हणत. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, भिंगं मोजून कपाटात ठेवायची, हे झालं कागदावरचं काम. प्रत्यक्षात गेली बारा वर्षं कुठल्याही वर्गावर शिक्षक नसला की शिपाई चिठ्ठी घेऊन लॅबच्या दारात उभा राही आणि ती ओले हात पुसत त्या वर्गावर जाई. अपूर्णांक, समास, पृथ्वीचं फिरणं, जे वाट्याला येईल ते. शिकवायची चांगलं. इतकं चांगलं की शिक्षकांना गैरहजर राहताना मनाला काही लागत नसे.

विज्ञानाचे मास्तर महिन्याभरात निवृत्त होणार होते. त्यांची जागा प्रमाणपत्रवाल्यालाच मिळणार, आणि प्रमाणपत्रासाठी नोकरी सोडून दोन वर्षं कॉलेजात बसणं लॅबताईला जमणारं नव्हतं. पण वरच्या कार्यालयाने आता दुसरी वाट काढली होती. जे वर्गात उभे राहून शिकवतातच, त्यांनी रविवारचे वर्ग करायचे, परीक्षकासमोर दोन पाठ घ्यायचे आणि शिकवलेल्या एक हजार तासांची नोंद दाखवायची. रविवार झाले होते, पाठही झाले होते. राहिले होते तास, आणि मुदत होती गुरुवार संध्याकाळपर्यंतची.

तास होते बदली तासांच्या वहीत. पाच रकाने: तारीख, वर्ग, गैरहजर शिक्षक, कारण आणि तास घेणाऱ्याची सही. तिने सगळ्या पानांच्या प्रती काढून घरी आणल्या. सासरे गोदामाच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आयुष्यभर पोती मोजलेले. त्यांनी दोन संध्याकाळी पेन्सिलीने तास मोजले, एकदा पुढून आणि एकदा मागून.

"एक हजार चौदा. माल पुरा आहे, सूनबाई," ते म्हणाले. मग चष्मा वर सरकवून त्यांनी विचारलं, "पण हे गणिताचे सर शाळेत येतात तरी कधी?"

गणिताचे सर म्हणजे उपमुख्याध्यापक. पुढच्या वर्षी मोठ्या खुर्चीवर बसायचे. एक हजार चौदांपैकी दोनशे अकरा तास त्यांच्या नावासमोर होते आणि कारणाच्या रकान्यात दर वेळी 'कार्यालयीन काम'. हे कार्यालय दोन गल्ल्या पलीकडे वह्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं आणि तिथे शिकवणीचे वर्ग चालत.

पानांवर मुख्याध्यापिकेची सही आणि शिक्का हवा होता. मॅडमनी शुक्रवारी चार पानं उलटली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. वर गेल्यावर लोक काही फक्त पाचवा रकाना वाचणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. तिसऱ्या-चौथ्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवून पुन्हा प्रती काढल्या तर? लॅबताईने नियमावलीतलं कलम पुढे केलं, रकाना झाकलेली प्रत बाद. मॅडम म्हणाल्या, "बघते." या शाळेत 'बघते' म्हणजे डाव्या हाताचा खण, आणि त्या खणातून कागद परत आलेला कोणी पाहिला नव्हता.

मधल्या सुट्टीपर्यंत बातमी शिक्षकखोलीभर झाली. एकेक जण लॅबमध्ये काहीतरी विसरल्यासारखा येऊ लागला. चित्रकलेच्या मास्तरांना त्यांचे सहा तास वगळून हवे होते. भाषेच्या बाईंची अडचण नाजूक होती. वहीप्रमाणे त्यांच्या सासूबाई तीनदा वारल्या होत्या आणि कालच त्या नातीला शाळेत सोडायला आल्या होत्या. सगळ्यांचं एकच, माझे तेवढे काढ, बाकीच्यांचे राहू दे. चौदा तासांची सवड सहाजणांत किती पुरणार?

शेवटी सर आले. आपण पत्र देतो म्हणाले, दोनशे अकरा तास तिने आपल्या मार्गदर्शनाखाली घेतले असं. तिने ते कलमही वाचलेलं होतं. मार्गदर्शनाखालचा तास अर्धाच धरत.

"सर, तुमच्या गैरहजेरीबद्दल माझी काही तक्रार नाही," ती म्हणाली. "मला फक्त माझी हजेरी पाहिजे. आता दोन्ही एकाच ओळीत आहेत, त्याला मी काय करू?"

सोमवारी शिपाई चिठ्ठी घेऊन आला, सातवी ब, दुसरा तास. लॅबताईने चिठ्ठी वाचली, तिच्या मागे 'प्रयोगशाळेचे काम चालू आहे' असं लिहिलं आणि परत दिली. कपाटाच्या दारावर तिने आपल्या कामांची यादी चिकटवली होती, बारा कामं, खाली मॅडमची सही. त्यात शिकवणं नव्हतं.

भांडण नाही, फुगणं नाही. ती नळ्या धूत राहिली. पण सातवी ब भिंतीपलीकडेच होती आणि तिथला गोंधळ लॅबमध्ये स्पष्ट ऐकू येत होता. एकच नळी तिने तीनदा धुतली. मधल्या सुट्टीत गणितं घेऊन दाराशी आलेल्या मुलींना मात्र तिने परत पाठवलं नाही. सुट्टी तिची स्वतःची होती आणि ती कुठल्या वहीत जात नव्हती.

मंगळवारी एका वेळी चार वर्ग मोकळे होते. सरांना शाळेतून निघता येईना आणि माडीवरच्या शिकवणीच्या मालकाचा त्यांना दोनदा फोन आला. बुधवारी सर गेलेच, आणि स्वतः मॅडमना खडू घेऊन सातवी बवर जावं लागलं. नऊ वर्षांनी. अपूर्णांकांचा भागाकार होता. मुलांनी अगदी नम्रपणे सांगितलं की लॅबताई असं करत नाहीत, आधी उलटा करून घेतात.

गुरुवारी सकाळी मॅडमनी तिला बोलावलं. सर तिथेच बसले होते.

"तुम्ही अडवणूक करताय," मॅडम म्हणाल्या.

"मी माझं काम करतेय, मॅडम. यादी तुमच्याच सहीची आहे. ती चुकीची असेल तर बदला. बरोबर असेल तर त्याहून जास्तीचं जे केलं, त्यावर सही करा."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी खिडकीतून मैदान पाहून घेतलं. मग डाव्या हाताचा खण उघडला आणि त्यातून पानं आणि शिक्का बाहेर आले. सत्तेचाळीस पानं. पुढची वीस मिनिटं खोलीत फक्त शिक्क्याचा आवाज होता.

"बाविसावं पान उलटं लागलंय," सर मध्येच म्हणाले, तिच्याकडे न बघता. "सरळ लावा, नाहीतर परत पाठवतील."

तिने पान सरळ लावलं.

फाइल बांधून ती उठली तेव्हाच तासाची घंटा झाली आणि दारात शिपाई उभा राहिला. सकाळी सवयीने लिहून ठेवलेली चिठ्ठी होती: सातवी ब, गणित, कारण कार्यालयीन काम. लॅबताईने ती वाचली आणि सरांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली.

"आज सर आहेत की," ती शिपायाला म्हणाली आणि फाइल काखेत मारून वरच्या कार्यालयाच्या रस्त्याला लागली.

सरांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. मग खडूचा डबा उचलून ते सातवी बकडे निघाले.