ड्रॉवरमधले कान

त्या ठेकेदाराच्या कचेरीत शिपाई मुद्दाम बहिरा ठेवला होता. पुलाचं काम किती रकमेला मागायचं हे ठरवताना चहा आणायला कुणीतरी हवंच. त्याला ऐकू येत नसेल तर सोन्याहून पिवळं. शिवाय बहिरा म्हणून पगार निम्मा! ही दुहेरी बचत साहेबांना फार आवडे.

पुढे एका संस्थेच्या मदतीने शिपायाने कानाचं ऑपरेशन करून घेतलं. कातडीखाली एक यंत्र, कानामागे दुसरं. नेमक्या त्याच सुमारास दोन निविदा थोडक्यात हुकल्या आणि साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. आकडा फुटत होता, आणि आणखी दोन कामं गेली तर कचेरीला टाळं लागणार होतं.

साहेबांनी शिपायाला नोटीस दिली. दुसऱ्या दिवशी त्याने कानामागचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"हे काढलं की मी ठार बहिरा. दिवसभर तुमच्याकडेच ठेवा, पण नोकरी राहू द्या."

तेव्हापासून रोज सकाळी त्याचे कान ड्रॉवरमध्ये आणि किल्ली साहेबांच्या खिशात. तरी साहेब त्याच्या पाठीमागे टाळ्या वाजवत, फायली आपटत. शिपाई ढिम्म. संशयाला औषध नाही हेच खरं.

तिसरी निविदाही हुकली.

खोलीत असायचे तिघेच: साहेब, शिपाई आणि भागीदार असलेला मेहुणा. कान तर कुलपात होते. म्हणजे बायकोचा भाऊ! काखेत कळसा नि गावाला वळसा. पण पुराव्याशिवाय घरी हे बोलायची छाती कुणाची?

साहेबांनी यंत्र शिपायाला लावायला दिलं आणि हळूच म्हणाले, "उद्यापासून हे केसांखाली लपवून ये. मेहुणा फोनवर काय बोलतो ते ऐक."

"ऐकायची गरज नाही, साहेब. एकोणीस वर्षं मी ओठ वाचतोय. खिडकीशी उभं राहून ते कुणाला आकडे सांगतात, मला ठाऊक आहे."

साहेब मागचं सगळं आठवू लागले. या माणसासमोर आपण काय काय बोललो असू! "मग आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर पहिला चोर मीच ठरलो असतो. आता आधी पूर्ण पगाराचं पत्र लिहा, मग नाव सांगतो."

साहेबांनी कागद पुढे ओढला आणि ओठ घट्ट मिटून लिहायला सुरुवात केली.