पोरीनं दिलेले पत्ते

व्हॅनमध्ये मी गादी टाकायला लागलो तेव्हाच प्रभा दारात येऊन म्हणाली, "अहो, राहू द्या की ते. पोरगी झोपणार आहे होय त्यात?"

प्रभा म्हणजे माझी बायको. एनिसच्या दवाखान्यात नर्स आहे. आयर्लंडला आणलं ते तिनंच, मी आपला तिच्या व्हिसाला धरून मागनं आलो. गडहिंग्लजला टेम्पो चालवायचो, इथं ब्रेडची व्हॅन चालवतोय. शाळा नववीत सुटली ती सुटलीच. पण रस्ता एकदा बघितला की डोळे झाकून जाईन. ह्या आमच्या क्लेअर जिल्ह्यातलं एक दुकान असं नाही की जिथल्या मांजराला मी नावानं ओळखत नाही.

"झोपणार आहे," म्हटलं. "उन्हाळाभर फिरणार आहोत आम्ही बापलेक. तू तुझ्या ड्युट्या कर."

तर हे आमच्या स्वरूपाबद्दल. सोळा पुरी झालेली पोरगी. कॅमोगी खेळती. आपल्या हॉकीची थोरली बहीण समजा, फक्त चेंडू जमिनीवर राहातच नाही आणि पोरी एकमेकींच्या नडग्या फोडतात. स्वरूपा मायनर टीममध्ये, म्हणजे अजून मोठ्या बायकांत नाही गेलेली. त्यांची उन्हाळ्यात लीग असती, दर शनिवारी मॅच, आज ह्या गावाला, पुढच्या शनिवारी त्या. पेपरात नाव येत नाही, तिकीट नसतंय, कुंपणाला टेकून बघायचं आणि थर्मासमधला चहा प्यायचा. मला लई आवडतंय ते. टेम्पोत मी उभा जन्म एकटा फिरलो, क्लीनरसुद्धा टिकला नाही. वाटलं, पोरगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल, मग कुठली येतीया बापासंगट? ह्या उन्हाळ्याला गावोगावी तिच्या मॅचा बघायच्या, मॅच झाली की समुद्रावर गाडी लावायची, बारक्या शेगडीवर थालीपीठ थापायचं, मागं गादीवर ती, पुढच्या सीटवर मी. एवढंच पाहिजे होतं मला, दुसरं काही नाही.

आणि मी मॅचला गेलो की गप्प बसत नाही, हे आधीच सांगतो. गेल्या साली सगळ्या मॅचा केल्या. "ए म्हशी, पळ की!" "म्हशी, हाण!" आमच्याकडं लाडाच्या पोरीला म्हैसच म्हणतात. दारात दोन म्हशी होत्या आमच्या, त्यांच्याएवढी माया माझ्या आईनं आम्हा भावंडांवरसुद्धा केली नाही. इथल्या लोकांना काय कळतंय मराठी? वाटलं असेल, बाप काहीतरी चांगलं बोलतोय. बोलतच होतो की.

मग एका रविवारी आम्ही बेत करायला बसलो. नकाशा आणला होता मी, तो प्रेसच्या दारावर चिकटवला. इथं कपाटाला प्रेस म्हणतात. स्वरूपा टेबलावर पाय वर घेऊन फोन बघत बसलेली. ती बोलती सगळं इंग्रजीत, तेपण इथल्या हेलात. मराठी कळतंय सगळं, पण तोंडातनं एक शब्द काढत नाही. जन्मल्यापासनं मी वाट बघतोय. तेव्हा तिचं मी मराठी करून सांगतो.

"पहिली मॅच कुठं?" म्हटलं.

"नीनाला," ती म्हणाली.

"टिपरेरीतलं. माहीत आहे. पुढं?"

"लिस्टोल. मग डंगार्व्हन."

"बाप रे, डंगार्व्हन! ते तर तिकडं समुद्राला टेकलंय. एवढ्या लांब पाठवतात होय पोरींना?"

"ह्या वर्षी लीग मोठी केली आहे, पप्पा." फोनवरनं मान वर केली, हसली माझ्याकडं बघून. मी गावावर लाल टिकली लावायचो आणि ती पुढचं नाव सांगायची. मग म्हणाली, "एक आहे. आम्ही बसनं जाणार आणि बसनंच येणार, टीमचा नियम आहे. तू बसपाशी येऊ नको, थेट ग्राउंडवर ये."

"आणि गादी?"

फोन पालथा ठेवला. "शेवटची मॅच कॉर्कला आहे. तिथनं येते तुझ्याबरोबर व्हॅननं. समुद्रावर राहू."

"नक्की?"

"ग्रँड, पप्पा. नक्की." इथं 'बरं'ला ग्रँड म्हणतात.

प्रभा सिंकपाशी उभी होती, पाठ आमच्याकडं. एकच पातेलं घासत होती. म्हटलं, "ऐकलंस काय गं? समुद्रावर राहू म्हणतीया." तिनं नळ अजून मोठा सोडला.

पहिल्या शनिवारी शंकरपाळ्यांचा डबा भरून घेतला, सगळ्या टीमला पुरतील एवढ्या, आणि गेलो नीनाला. ग्राउंडवर एक माणूस गवत कापत होता. म्हणाला, "कॅमोगी? आज काहीच नाही इथं." फोन लावला. स्वरूपानं मेसेज टाकला, मॅच रद्द, पिच ओलं आहे. त्या दिवशी असं ऊन होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. पण म्हटलं, असेल. इथली गवतं वेगळी.

लिस्टोलला ग्राउंडच्या फाटकाला कुलूप. तारीख बदलली म्हणे. तिथं कुत्रं फिरवायला आलेल्या बाईला शंकरपाळ्या दिल्या, कुत्र्यानं खाल्ल्या. आणि डंगार्व्हनला मेंढरं होती. दुसरं कुणी नाही. मेंढरं माझ्याकडं बघत होती, मी त्यांच्याकडं. फोटो काढून स्वरूपाला पाठवला, "तुझी टीम आली आहे" म्हणून. तिनं हसणारं तोंड पाठवलं.

त्या रात्री घरी आलो तर पोरीची नडगी काळीनिळी. "काय झालं गं?" तर म्हणाली ट्रेनिंगला लागलं. मी तेल कोमट केलं, हळद घातली, तिचा पाय मांडीवर घेऊन चोळत बसलो. म्हटलं, "कुठल्या रांडेनं मारलं गं?" ती फोन बघत होती. एकदाच म्हणाली, "हळू, पप्पा."

मोरीनबाईचं दुकान आमच्यापासनं हाकेवर. रोज ब्रेड टाकतो मी तिथं. सोमवारी क्रेट उतरवत होतो, तर बाई काउंटरमागनं बाहेर आली नि माझा हातच धरला.

"अरे, तुझी पोरगी! शनिवारी काय खेळली रे! अर्धं गाव उभं राहिलं होतं. तू कुठं होतास?"

"कुठं खेळली?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे? हे काय, इथं." बाईनं अंगठ्यानं मागं दाखवलं. दुकानामागं ग्राउंड आहे. मी रोज तिथंच व्हॅन वळवतो. "तू का नाही आलास?"

"डंगार्व्हनला गेलतो."

"काय होतं डंगार्व्हनला?"

"मेंढरं," म्हटलं.

बाई हसली. मग माझ्याकडं बघितलं आणि हसायची थांबली. पुढची मॅच कुठं आहे ते तिनंच सांगितलं. टिकली लावायचीसुद्धा गरज नव्हती, नकाशावर ते गाव आणि एनिस बोटाखाली एकदम झाकलं जात होतं.

प्रभाला घरात गाठलं. युनिफॉर्मवरच होती, पाय स्टुलावर ठेवून चहा पीत होती.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"पोरगी मला खोटे पत्ते देतीया आणि तू बघत बसलीस?"

"बघत कशाला बसू? मीच काढून दिले." कप खाली ठेवला. "ती जवळचंच सांगणार होती, लिमरिकचं वगैरे. मी म्हटलं लांबचं सांग. लिमरिकवरनं हे अर्ध्या मॅचला परत येतील."

"अगं पण का?"

"तुम्ही ओरडता."

"पोरीच्या मॅचला बाप ओरडणार नाही तर काय भिंत ओरडणार?"

"हे बघा अहो, तुम्हाला सांगून आजवर काय उपयोग झालाय? तिनं गेल्या वर्षी दहा वेळा सांगितलं, ओरडू नको. तुम्ही काय म्हणालात? लाजती म्हैस. यंदा ती रडत माझ्याकडं आली, मी मार्ग काढून दिला. तुम्हालाही गाडी फिरवायला आवडतं. कुणाचं काय बिघडलं?" मग म्हणाली, "जाऊ नका शनिवारी."

मी गेलो. स्वतःशी ठरवून गेलो, तोंड उघडायचं नाही. कुंपणाच्या टोकाला, झाडाआड उभा राहिलो. खिशात शंकरपाळ्या होत्या, एकेक तोंडात टाकत राहिलो, म्हणजे तोंड कामाला लागेल. आणि खेळली पोरगी, काय सांगू तुम्हाला. दोघींच्या मधनं चेंडू असा काढला की त्या एकमेकींवर आदळल्या. ओरडणं ओठावर आलं, मी तोंडात शंकरपाळी टाकली.

पलीकडच्या टीममध्ये अनुया होती. लिमरिकच्या सलीलची पोरगी. सलील इंजिनिअर, गणपतीत भेटतो आम्ही, माझ्याशी बोलताना सावकाश बोलतो, जसं काय मी बहिरा आहे. त्याचीच पोरगी ती, ओळखीची. बरं वाटलं बघून.

मग स्वरूपाला फ्री मिळाली. म्हणजे चेंडू जमिनीवर ठेवून एकटीनं मारायचा, मधे कुणी यायचं नाही. ती चेंडूपाशी उभी राहिली आणि आवाज सुरू झाला. "म्हशी! म्हशी!" पहिली अनुया, मग पलीकडच्या सगळ्या पोरी, मग कुंपणावरचे त्यांचे लोक, पोरंटोरं, बायाबापड्या. हातातल्या काठ्या जमिनीवर आपटत, तालात. "म्हशी! म्हशी!"

आणि मला काय वाटलं असेल सांगा. वाटलं, पोरीचं नाव झालं! मी दिलेलं नाव, गडहिंग्लजचं, आणि गोऱ्या पोरी तालावर म्हणतायत. समोरच्या टीमच्या पोरी माझ्या पोरीचं कौतुक करतायत. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. शंकरपाळी थुंकली आणि झाडाआडनं बाहेर आलो.

"ए म्हशी!" मी ओरडलो. "हाण की!"

काठ्यांचा ताल तुटला. मग असा हशा उठला की मैदानावरचे कावळे उडाले. एका लाल केसांच्या पोरीनं डोक्याला दोन बोटं लावली, शिंगं केली, आणि हंबरली. मग सगळ्याच हंबरल्या. अनुया तर हसून गुडघ्यावर बसली. गेल्या साली तिनंच अर्थ सांगितला होता सगळ्यांना, हे मला मागनं प्रभाकडनं कळलं. तेव्हापासनं लीगभर पोरीला हेच चाललं होतं, दर मॅचला, दर फ्रीला.

स्वरूपानं चेंडू तिथंच सोडला. चालत कुंपणापाशी आली, अगदी माझ्यासमोर. तोंडावर घाम, हातात काठी. मला वाटलं इंग्रजीत काहीतरी बोलेल.

"ए रेड्या," ती म्हणाली, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी. "घरला जा की! कशाला आलायस तडमडायला?"

मराठी. पहिल्यांदा. आणि काय मराठी! जसं काय दारात उभी राहून माझी आईच बोलली. हेलसुद्धा आमच्याच गल्लीतला.

वळली, परत गेली, आणि चेंडू गोलाच्या आडव्या बारवरनं असा घातला की शोधायला माणूस पाठवावा लागला. ते मी ओझरतं बघितलं. जिंकली का हरली ते नाही बघितलं. मागं पोरी अनुयाला विचारत होत्या, काय म्हणाली, काय म्हणाली? आणि अनुया सांगत होती. मी फाटकापर्यंत पोचलो तोवर कुणीतरी बारक्या आवाजात म्हणून बघत होतं, "रेऽड्या! रेऽड्या!"

फाटकावर टोपीवाला म्हातारा होता. त्यानं माझ्यासाठी फाटक उघडलं, टोपी जराशी उचलली आणि मोठ्या अदबीनं म्हणाला, "सेफ होम, रेड्या."

त्याला वाटलं माझं नाव आहे.

घरी प्रभानं मला बघितलं आणि ताट वाढलं. संध्याकाळी स्वरूपा आली. म्हटलं, "कॉर्कचं काय मग? समुद्र?"

"कॉर्कला मॅच कधीच नव्हती, पप्पा." हे इंग्रजीत. बूट काढले आणि वर गेली.

मी मॅचला जात नाही आता. गादी व्हॅनमध्येच आहे, तिच्यावर ब्रेडचे क्रेट बरे बसतात, आवाज करत नाहीत. नकाशा प्रभानं काढला, त्याचा डिंक राहिलाय दारावर.

परवा सकाळी फ्रीज उघडून दूध शोधत उभा होतो. मागनं आवाज आला.

"रेड्या, सरक."

प्रभा डबा भरत होती. मान वर न करता म्हणाली, "घ्या. पोरीनं मराठी बोलावी म्हणत होतात ना?"

मी सरकलो.