आत्याच्या हातची झोप

झोपवण्याच्या बाबतीत आत्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचं पाळणाघर होतं. कितीही हट्टी मूल असो, तिने खांद्यावर घेतलं, कमरेपाशी संथ थोपटलं, की ते मान टाकायचंच. "तुझ्या हाताला गुंगीचं औषध लावलंय की काय," असं तिचा धाकटा भाऊ म्हणायचा.

त्याच भावाचं तान्हं पोर, गुबगुबीत गालांमुळे सगळ्यांचा 'बोका', आता मुलांच्या वॉर्डात होतं. सुरुवात साध्या सर्दीची. पाळणाघरातली सगळी नाकं वाहत होती त्या आठवड्यात, आणि स्वतः शिंकत असतानाही आत्या त्याला मांडीवर घेऊन बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी पेनमधली रिफिल काढून दाखवली. "मोठ्या मुलांना या विषाणूने नुसता शेंबूड येतो. याच्या छातीतल्या नळ्या मात्र या रिफिलहून बारीक. त्या सुजल्या, चिकट कफ साठला, की घेतलेली हवा बाहेर टाकायलाच झगडावं लागतं. विषाणूवर औषध नाही. ऑक्सिजन द्यायचा, नाक साफ ठेवायचं आणि त्याची लढाई संपेपर्यंत लक्ष ठेवायचं."

बाहेर लिफ्टपाशी भावजय म्हणाली, "तुमच्याकडची पोरं चार दिवसांत उड्या मारायला लागली. भोगतंय माझं."

आत्याने ऐकून घेतलं. त्यात खोटं काय होतं?

भावजय त्याच्या खाटेपासून हलायला तयार नव्हती. पण त्या दुपारी ती बसल्या जागी डुलली आणि तिचं कपाळ खाटेच्या कठड्यावर आपटलं. आत्या म्हणाली, "जा, अंघोळ करून ये. तेवढा वेळ तरी माझ्यावर विश्वास ठेव." भावजय गेली, दारातून दोनदा वळून बघत गेली.

बोका रडत होता. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, नाकपुड्या फुगत होत्या, घशातून कण्हल्यासारखा आवाज येत होता. आत्याने ऑक्सिजनच्या नळीला धक्का न लावता त्याला छातीशी घेतलं आणि थोपटायला सुरुवात केली. बराच वेळ त्याने दाद दिली नाही. मग रडणं कुरकुरीवर आलं. कण्हणं थांबलं. बरगड्यांची ओढाताण सैलावली. मूठ उघडली आणि हात खाली लोंबला. आत्याने त्याला अलगद खाटेवर ठेवलं. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

सिस्टर तपासायला आल्या. आत्याने ओठांवर बोट ठेवलं. "आत्ताच डोळा लागलाय हो. जरा वेळाने या ना." सिस्टरांनी यंत्राकडे पाहिलं. ऑक्सिजनचा आकडा उत्तम होता. पलीकडच्या खाटेवर दुसरं मूल खोकून बेजार झालं होतं. त्या तिकडे गेल्या.

भावजय ओल्या केसांनी परतली आणि थबकली. "झोपला?"

"झोपला."

ती आत्याशेजारी बसली. कितीतरी दिवसांनी दोघी एका बाकावर टेकल्या होत्या. भावजय कुजबुजली, "त्या दिवशी मी फार बोलले, ताई."

"बोललीस तर बोललीस. मी काय मीठ आहे विरघळायला?"

"याच्या बाबालाही तुम्हीच झोपवायचात ना लहानपणी?"

"हो. त्याला उठवायचं मात्र राहूनच गेलं."

भावजयीने तोंडावर ओढणी दाबली. तिचे खांदे हसण्याने हलत होते. आत्यालाही हसू आवरेना.

सिस्टर परत आल्या त्या थेट खाटेपाशी. त्यांनी झबलं वर करून छाती उघडी केली आणि बघत राहिल्या. एक श्वास. मग काहीच नाही. मग एक उथळ श्वास. त्यांनी तळव्यावर टिचकी मारली. पाय हलला नाही. त्यांनी हाक दिली, माणसं धावली, पडदा ओढला गेला, आणि दोघी बाहेर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

डॉक्टरीणबाई बऱ्याच वेळाने आल्या. "श्वासाच्या यंत्रावर ठेवलंय. तो झोपला नव्हता. दमला होता. धाप टाकायचीही ताकद उरली नव्हती."

"पण आकडा चांगला होता," भावजय म्हणाली.

"तो ऑक्सिजनचा. आत साठलेली खराब हवा त्यात दिसत नाही. तिनेच गुंगी येते."

"सिस्टरांना मी परत पाठवलं," आत्या म्हणाली.

"त्यांनी जायला नको होतं. लवकर कळलं असतं तर काय झालं असतं, मला सांगता येणार नाही."

त्या गेल्यावर भावजय भिंतीकडे बघत म्हणाली, "आपण हसत होतो, ताई."

त्यानंतरचे दिवस यंत्राच्या लयीत गेले. छाती वर, छाती खाली, एकसारखी. मग गुंगीचं औषध कमी केलं आणि एका सकाळी बोक्याने डोळे उघडले. चेहरा आक्रसला, तोंड वासलं, कानांकडे पाणी ओघळलं. पण नळी स्वरयंत्रातून गेलेली, आवाज फुटत नव्हता. अजून काही खरं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं.

भावजयीला ते बघवेना. "थोपटा ना त्याला, ताई. तुमच्या हाताने शांत होईल."

आत्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"नको," ती म्हणाली. "राहू दे जागा."

भावजयीने पुन्हा सांगितलं नाही. कठडा धरून दोघी त्याचं रडणं बघत राहिल्या.